आयसीपी (पाण्यातील मूलद्रव्ये मोजणारी प्रयोगशाळेतील चाचणी) अहवालात एकाच वेळी सात मूलद्रव्ये कमी आली आहेत. डोस कोणत्या क्रमाने द्यावा?

खारेपाणी (प्रश्न):

माझी रीफ (खाऱ्या पाण्यातील प्रवाळांची) टाकी चौदा महिन्यांची असून खडक आणि वाळूची जागा वजा केल्यास सम्पसह (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या भांड्यासह) प्रत्यक्ष पाणी साधारण २०० लिटर भरते. गेल्या दोन महिन्यांत मोंटीपोरा या प्रवाळाचा जांभळा रंग उतरून राखाडीकडे झुकला आहे, आणि अॅक्रोपोराच्या फांद्यांची टोके, जी वाढ चालू असताना पांढरट असतात, ती तपकिरी पडली आहेत. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) ८ डीकेएचवर स्थिर आहे, नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ आहे. त्यामुळे सूक्ष्म मूलद्रव्यांची कमतरता असावी असे धरून मी सर्व मूलद्रव्ये एकत्र असलेल्या तयार द्रावणाचा डोस सुरू केला आणि फरक दिसेना म्हणून गेले तीन आठवडे तो दुप्पट केला. चाचणीसाठी पाणी त्यानंतर पाठवले. हा क्रम उलटा झाला, हे मला मान्य आहे.

अहवालातील आकडे असे आहेत: क्षारता (एक किलो पाण्यात विरघळलेले क्षार, ग्रॅममध्ये) ३३.१; कॅल्शियम ३९२, मॅग्नेशियम १२१५, पोटॅशियम ३५२ आणि स्ट्रॉन्शियम ७.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. आयोडीन १८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. लोह आणि मँगनीज ‘आढळले नाही’. जस्त मात्र ३८ मायक्रोग्रॅम. माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणावर) क्षारता ३५ दिसते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, लोह आणि मँगनीज यांचे वेगवेगळे डोस अहवालात सुचवले आहेत. ते सगळे एकदम सुरू करावेत का?

थेंबमोजणी:

एकही सुरू करू नका. आधी क्षारतेचा घोळ मिटवा, कारण तुमच्या कमतरतांपैकी निम्म्या तिथेच संपतात.

समुद्राच्या पाण्यातील मुख्य घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ कायम असते. क्षारता ३५ असताना कॅल्शियम सुमारे ४१२, मॅग्नेशियम सुमारे १२८५ आणि पोटॅशियम सुमारे ३९९ असते. तुमची क्षारता ३३.१ म्हणजे ३५ च्या ९४.६ टक्के, आणि तुमचे मॅग्नेशियमही नेमके तितकेच टक्के आहे. कॅल्शियम ९५ टक्के आहे. दोन स्वतंत्र घटक एकाच प्रमाणात खाली असतील तर ते कोणी खाऊन टाकलेले नाहीत, तुमचे पाणीच पातळ आहे. प्रयोगशाळेचा आकडा बरोबर आणि तुमचा रिफ्रॅक्टोमीटर चुकीचा, असाच निष्कर्ष यातून निघतो. बाजारात मिळणारे बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्यात ते सुमारे दीड एकक जास्त दाखवतात. शिवाय ते फक्त आरओ (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यावर शून्याला लावले, तर शून्यापाशी बरोबर आणि ३५ पाशी चूक अशी गंमत होते. ३५ चे प्रमाणित द्रावण घेऊन त्यावरच तो लावा.

क्षारता वाढवण्यासाठी टाकीत मीठ ओतू नका. बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी चार-पाच दिवस गोड्या पाण्याऐवजी ३५ च्या खाऱ्या पाण्याने भरा. रोज अडीच लिटर उडत असेल तर दिवसाला साधारण ०.४४ इतकीच वाढ होईल आणि प्रवाळांना धक्का बसणार नाही.

लोह आणि मँगनीज विसरून जा. प्राणवायूयुक्त, किंचित अल्कधर्मी पाण्यात लोह फार वेळ विरघळलेल्या रूपात राहत नाही आणि उरलेले शैवाल आणि जिवाणू उचलतात. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावरही ते इतके कमी असते की नेहमीच्या आयसीपी-ओईएस यंत्राला ते दिसत नाही. ‘आढळले नाही’ हा यंत्राच्या मर्यादेबद्दलचा मजकूर आहे. तो वाचून बाटली उघडणारे बरेच जण मी पाहिले आहेत, आणि पुढच्या महिन्यात काचेवरचे शैवाल खरवडताना तेच लोक दिसतात. राहिलेले सगळे नियमित पाणी बदलण्यावर सोडा.

सम्पाखाली:

क्षारतेबद्दल पूर्ण सहमत आहे, पण ‘राहिलेले सगळे पाणी बदलण्यावर’ हे आयोडीनला लागू पडत नाही. नव्या पाण्यात समुद्राइतके, म्हणजे सुमारे ६० मायक्रोग्रॅम आयोडीन आहे असे धरले तरी आठवड्याला १० टक्के पाणी बदलून टाकीत लिटरमागे फार तर ६ मायक्रोग्रॅम येतात. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र), कार्बन (गाळणीतील कोळसा) आणि शैवाल मिळून दिवसाला २-३ मायक्रोग्रॅम जरी काढत असतील, तरी ही बादली कधीच भरणार नाही. स्ट्रॉन्शियमची गोष्ट वेगळी आहे: क्षारता सुधारल्यावर ते आपोआप ७.६ च्या आसपास जाईल, आणि समुद्रातील सुमारे ८ शी तुलना करता तेवढ्यासाठी डोस देण्याचे कारण नाही.

म्हणून माझ्या मते दोनच गोष्टी द्याव्यात. क्षारता सुधारल्यावर पोटॅशियम साधारण ३७२ होईल, म्हणजे खरी तूट लिटरमागे २७ मिलिग्रॅम राहील. ती २०० लिटरला ५.४ ग्रॅम होते. पोटॅशियम क्लोराइडमध्ये पोटॅशियम ५२ टक्के असल्याने शुद्ध क्षार सुमारे १०.३ ग्रॅम लागेल, जो रोज दोन ग्रॅम याप्रमाणे आरओ पाण्यात विरघळवून पाच दिवसांत द्यावा. अहवालातील आकडा तसाच धरला असता तर जवळपास १८ ग्रॅम टाकून बसला असतात.

क्षारता सुधारल्यावर आयोडीन साधारण १९ होईल, तेव्हा त्याची तूट लिटरमागे ४१ मायक्रोग्रॅम, म्हणजे संपूर्ण टाकीला फक्त ८.२ मिलिग्रॅम. पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात हे ११ मिलिग्रॅमही होत नाही, आणि इतके वजन घरगुती काट्यावर करता येत नाही. एक ग्रॅम क्षार एक लिटर आरओ-डीआय (आणखी शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवा. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ०.७६ मिलिग्रॅम आयोडीन असते. रोज एक मिलिलिटर असे पाच दिवस देऊन थांबा, म्हणजे निम्मी तूट भरेल, आणि मग पुन्हा चाचणी करा. घसरण किती वेगाने होते हे कळल्याशिवाय रोजचा डोस ठरवता येत नाही, आणि एका अहवालावरून वेग कळत नाही. पुढचा नमुना डोस दिल्यानंतर निदान एक दिवस सोडून घ्या, नळी टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळा, आणि शक्य असल्यास त्याच पाण्याच्या दोन नळ्या पाठवा. दोन आकड्यांत जितका फरक येईल, त्याहून लहान चढउतारावर निर्णय घेऊ नये.

मला खटकते ते जस्त. समुद्राच्या पृष्ठभागी ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असते. तुमच्या मिश्र द्रावणातही जस्त असणार, तेव्हा ते आजच बंद करा. मात्र सगळा दोष त्याच्यावर टाकण्याआधी पंपांच्या चुंबकांची आवरणे, सम्पवरील स्क्रू आणि नळ्यांचे क्लॅम्प बोट फिरवून तपासा.

खारेपाणी:

दोघांचेही आभार. प्रमाणित द्रावणावर माझा रिफ्रॅक्टोमीटर ३७ दाखवतो, त्यामुळे क्षारतेचा प्रश्न उरला नाही.

चुंबक ठीक निघाले. परतीच्या पंपाच्या नळीवरचा क्लॅम्प मात्र मी स्टेनलेस समजून बसवला होता, तो जस्ताचा मुलामा दिलेला आहे. त्याच्या स्क्रूभोवती पांढरी, खडूसारखी भुकटी धरली होती, जिला मी वर्षभर वाळलेले मीठ समजत होतो. बोटाने पुसल्यावर खाली करडा, खड्डे पडलेला धातू दिसला आणि त्यावरून ओघळणारे थेंब थेट सम्पात पडत होते. क्लॅम्प काढून प्लॅस्टिकचा बसवला, मिश्र द्रावण बंद केले आणि नवा कार्बन घातला. आता २० टक्के पाणी तीनदा बदलणार आहे. हिशेबाने जस्त १९-२० पर्यंत यावे. पोटॅशियम आणि आयोडीन त्याआधी द्यावे की नंतर?

सम्पाखाली:

नंतर. आधी दिलेत तर त्यातले जवळपास निम्मे तुम्हीच बादलीने बाहेर ओताल. शिवाय नव्या मिठातूनही थोडे पोटॅशियम येईल, म्हणून तिसऱ्या बदलानंतर तूट पुन्हा मोजून मगच १०.३ ग्रॅमचा आकडा कमी करा.