शब्दचर्चा : बॉयलरची ट्यूब ‘फुगवायची’, ‘लाटायची’ की ‘फाकवायची’?

नौपाडेकर
ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यासाठी बॉयलर देखभालीचा तक्ता मराठीत करायचा आहे. वाचणारे बॉयलर अटेंडंट आणि फिटर. त्यात हाताने चालवायच्या ट्यूब एक्स्पांडरचं एक अख्खं पान आहे. बॉयलरच्या ड्रमच्या, म्हणजे पाणी-वाफेच्या टाकीच्या, भोकात ट्यूब घातली की तिला आतून दाबून घट्ट बसवायचं ते अवजार. अवजाराचं नाव ‘एक्स्पांडर’च ठेवतोय, त्याबद्दल वाद नाही. गाडी अडलीय क्रियापदांवर. मसुद्यात ट्यूब एक्स्पांड करण्याला तीन ठिकाणी तीन शब्द आलेत: ‘प्रसरण करणे’, ‘विस्तारणे’, ‘फुगवणे’. आणि फ्लेअर करण्याला, म्हणजे ट्यूबचं टोक बाहेर पसरवण्याला, ‘घंटामुख करणे’. हा शेवटचा वाचून माझंच मला हसू आलं. जाणकारांनी सांगावं.

रबाळेकर
आधी ‘फुगवणे’ खोडा. बॉयलर हाऊसमध्ये ‘ट्यूब फुगली’ म्हणजे ट्यूब खराब झाली. आतून स्केल, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा थर, धरतो, पाणी धातूला भिडत नाही, तेवढी जागा तापून मऊ पडते आणि आतल्या दाबाने फोड आल्यासारखी बाहेर येते. ते फुगणं. आता लॉगबुकात कुणी लिहिलं ‘तिसऱ्या ओळीतल्या चार ट्यूबा फुगवल्या’ आणि पुढच्या पाळीने घाईत ‘फुगल्या’ वाचलं, तर एका ‘व’पायी बॉयलर बंद करायची वेळ येईल. उलटं झालं तर त्याहून वाईट: खरोखर फुगलेली ट्यूब दुरुस्त झाली असं समजून आग पेटवतील.

कोपरीकर
‘प्रसरण’ही नको. शाळेपासून प्रसरण म्हणजे उष्णतेने होणारं, आणि थंड झालं की आकुंचन पावणारं. बॉयलरमध्ये तेही होतच असतं, ट्यूबा तापल्या की लांबीला वाढतात. एक्स्पांडरने होतो तो बदल कायमचा असतो. एकाच पानावर दोन्हींना एकच शब्द दिला तर शिकाऊ पोराला वाटणार की ट्यूब गरम करून बसवतात.
‘विस्तारक’ म्हटलं की डोळ्यांपुढे पक्षाचा कार्यकर्ता येतो, तेव्हा तेही राहू द्या.

वागळे इस्टेटवाले
शब्द शोधण्याआधी अवजार काय करतं ते नीट पाहू, म्हणजे शब्द आपोआप सापडेल.
एक पिंजरा असतो, त्याला सगळे केजच म्हणतात. त्याच्या खाचांत कडक पोलादाचे रोलर, लहान मापाला बहुधा तीन, मोठ्याला चार-पाच. मधून मँड्रेल, म्हणजे निमुळता दांडा, जातो, त्याचं मागचं टोक चौकोनी, त्यावर रॅचेट हँडल बसतं. रोलरच्या खाचा ट्यूबच्या आसाला सरळ नसतात, किंचित तिरक्या असतात. त्या तिरकेपणामुळे मँड्रेल घड्याळाच्या दिशेने फिरवला की स्वतःच आत ओढला जातो. ठोकावं लागत नाही. उलटा फिरवला की सुटतो. मँड्रेल जसा आत जातो तसे रोलर बाहेर सरकतात आणि ट्यूबच्या आतल्या भिंतीवरून गरगर फिरत तिला दाबत जातात.
एक बारकावा: मँड्रेल निमुळता, मग ट्यूबही निमुळती का होत नाही? कारण रोलरही निमुळते असतात, मँड्रेलच्या निम्म्या उताराने आणि उलट्या दिशेने. मँड्रेलच्या बारीक टोकाकडे रोलरची जाड बाजू. म्हणून रोलरची बाहेरची रेघ ट्यूबला समांतर राहते. केज दुसऱ्या मापाचा आणि मँड्रेल ज्याचा हाताला लागेल त्याचा, असा संसार केला की हे गणित बिघडतं. ट्यूब एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला सैल.
आता सांगा, रोलर फिरतोय, दाबतोय, पातळ करतोय आणि पसरवतोय, याला मराठीत काय म्हणतात? पोळी करताना जे म्हणतात तेच. लाटणे.

नौपाडेकर
वा! पण लाटणं म्हणजे नुसती उपमा नाही ना? की खरंच पातळ होते ट्यूबची भिंत?

रबाळेकर
होते, आणि सगळा सांधा त्याच्यावरच उभा आहे. आकडे घ्या.
ट्यूब बाहेरून 50.8 मिमी, भिंत 4.06. म्हणजे आतला व्यास 42.68. ड्रमच्या भोकाचं माप घेतलं, भरलं 51.4. ट्यूब आणि भोक यांच्यात फट 0.60. रोलर फिरायला लागले की पहिले 0.60 मिमी ट्यूब नुसती मोठी होते. आतला व्यास 43.28 झाला की ती भोकाला टेकली. इथपर्यंत सांधा झालेलाच नाही, हाताने हलवली तर हलत नाही एवढंच.
खरं काम इथून पुढे. भिंत 8 टक्के पातळ करायची म्हटलं तर एका बाजूला 0.325, दोन्ही मिळून 0.65. म्हणजे शेवटचा आतला व्यास 43.93. एकूण वाढ 1.25, त्यातली निम्मी टेकण्यात गेली आणि निम्मी लाटण्यात.
आता गंमत बघा. शेजारचं भोक झिजून 51.8 झालंय आणि फिटरने तिथेही सवयीने 1.25 च वाढवलं. 1.00 फटीतच संपले, लाटायला उरले 0.25, म्हणजे जेमतेम 3 टक्के. ही ट्यूब हायड्रॉलिक टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीत, झिरपणार. आणि भोक 51.1 असेल तर फट 0.30, उरलेले 0.95 भिंतीवर, जवळपास 12 टक्के. ही झिरपणार नाही कदाचित, पण जादा लाटली गेली.
म्हणून ‘टेकणे’ आणि ‘लाटणे’ हे दोन वेगळे शब्द तक्त्यात हवेतच. कार्बन पोलादाला साधारण 5 ते 10 टक्क्यांच्या आतबाहेर काम चालतं, नेमका आकडा त्या बॉयलरच्या मंजूर ड्रॉइंगवरून.

कोपरीकर
मग ‘जादा लाटणे’ यालाही शब्द झाला. त्याने बिघडतं काय, हेही एका ओळीत द्या.

रबाळेकर
एका ओळीत मावणार नाही. सांधा धरतो कसा ते आधी. ट्यूबचा धातू कायमचा पसरतो, पण प्लेट, म्हणजे भोकं असलेला ड्रमचा जाड पत्रा, थोडीशीच ताणली जाते आणि रोलर निघाले की मागे यायला बघते. मागे येताना ती ट्यूबला आवळते. म्हणून ट्यूब प्लेटपेक्षा मऊ हवी. जादा लाटलं की प्लेटही कायमची ताणली जाते, मग ती मागे येत नाही आणि आवळत नाही. दोन भोकांमधली पट्टी सरकते आणि शेजारची, काल घट्ट केलेली ट्यूब आज सैल होते. शिवाय लाटून लाटून ट्यूबचा धातू कडक होतो, नंतर त्याच जागी तडा.
हाताच्या एक्स्पांडरला आकडा दाखवणारा काटा नसतो. हँडल जड होणं आणि भोकाभोवतीचा काळा पापुद्रा उडणं या खुणा आहेत, माप नव्हे. माप आतल्या व्यासाचंच घ्यायचं, इनसाइड मायक्रोमीटरने, दोन काटकोनी दिशांनी. एकच घेतलं तर अंडाकृती ट्यूब सुटून जाते.

तुर्भेकर
थोडा विरोध. ‘लाटणे’ बॉयलरला छान आहे, पण आमच्याकडे केमिकलवाल्यांत हीटएक्स्चेंजर आणि कंडेन्सरच्या ट्यूबांनाही हेच अवजार लागतं, आणि तिथे सगळे ‘रोलिंग’ म्हणतात. ‘ट्यूबा रोलिंगला घेतल्या’, ‘रीरोलिंग झालं’. तक्ता वाचणारा माणूस उद्या रबाळ्याहून तुर्भ्याला नोकरीला आला तर ‘लाटणे’ कुणाला सांगणार?
दुसरं म्हणजे तिथे तोंड फ्लेअर करत नाहीत सहसा, आणि ट्यूबशीटच्या (ट्यूबा बसवायच्या भोकांच्या प्लेटच्या) मागच्या कडेच्या 3 मिमी अलीकडे थांबतात. रोलर मागे बाहेर गेला की ट्यूबला कंबर पडल्यासारखी कड उमटते आणि ट्यूब तिथेच तुटते. ही खोली ठरवतो तो थ्रस्ट कॉलर. त्याला तुमच्या तक्त्यात नावच नाही.

वागळे इस्टेटवाले
तुर्भेकर, रोलिंग म्हणजे लाटणंच की! जो ‘रोलिंग’ म्हणतो त्याला ‘लाटणे’ सांगायला अर्धं मिनिट लागेल. ‘प्रसरण’ सांगायला अर्धा तास. पहिल्यांदा येईल तिथे ‘ट्यूब लाटणे, म्हणजे रोलिंग’ असं द्यावं, पुढे नुसतं लाटणे.
कॉलरला ‘कॉलर’च. मुद्दाम ‘टेकणकडी’ वगैरे घडवू नका, स्टोअरमध्ये मागितली तर कोणी देणार नाही. मँड्रेललाही मसुद्यात ‘मेख’ म्हटलेलं दिसतंय, तेही चुकीचं. मेख ठोकतात. रोलरच्या आधीपासून चालत आलेला एक प्रकार आहे, प्रॉसर एक्स्पांडर. त्यात रोलर नसतात, पाकळ्यांसारखे तुकडे असतात आणि मधली निमुळती खुंटी घणाने ठोकून ते फाकवतात. तिला मेख म्हणा हवं तर. डजन पद्धतीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या रोलरवाल्या एक्स्पांडरमध्ये ठोकायचं काहीच नाही. ‘मेख’ वाचून कुणी मँड्रेलवर हातोडा घातला तर रोलर टवके उडून जातील.

नौपाडेकर
‘पाकळ्या फाकवतात’ लिहिलंत, तिथे माझा दुसरा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. फ्लेअर करणे = फाकवणे?

कळवेकर
अगदी. ‘तोंड फाकवणे’. फाकणे म्हणजे एका टोकाला जोडलेलं राहून दुसऱ्या टोकाला दूर होणे: पाय फाकतात, फांद्या फाकतात. सनईचं तोंड जसं खाली फाकत जातं तसा ट्यूबचा ड्रममध्ये डोकावणारा शेवट. ‘रुंदावणे’ म्हटलं तर सगळीकडे सारखं रुंद. ‘फाकवणे’ म्हटलं की मुळाशी तेवढंच, टोकाला जास्त, हे आपोआप येतं.
फक्त छपाईत जपा. फाकलेलं तोंड चांगलं, फाटलेलं तोंड वाईट, आणि दोन्हींत एकाच अक्षराचा फरक. मघाशी ‘फुगवल्या-फुगल्या’ला हरकत घेतली तीच इथे लागू आहे खरं तर.

रबाळेकर
हरकत मान्य, पण इथे मागे ‘तोंड’ येतं आणि फाटलेलं तोंड डोळ्यांना दिसतं. लाटलेला सांधा दिसत नाही, म्हणून तिथे शब्दाची जबाबदारी जास्त.
फाकवण्याची मापं द्या. एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर संस्थेच्या संहितेत पाणट्यूब बॉयलरसाठी, म्हणजे ट्यूबच्या आतून पाणी जातं त्यांच्यासाठी, ट्यूबचं टोक फाकवण्याआधी प्लेटच्या आत कमीत कमी 6 आणि जास्तीत जास्त 19 मिमी यावं, आणि फाकवल्यावर तोंडाचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा निदान 3 मिमी मोठा असावा असं आहे. वरच्या उदाहरणात 51.4 चं भोक, तर तोंड 54.4 च्या खाली नको. आपल्याकडे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, 1950 आणि मंजूर ड्रॉइंग हेच पाहायचं.
आणि एक गैरसमज तक्त्यातच खोडून टाका: फाकवल्याने गळती थांबत नाही. पाणी अडवतो तो लाटलेला भाग. फाकलेलं तोंड ट्यूब भोकातून ओढली जाऊ नये म्हणून असतं. झिरपणाऱ्या ट्यूबचं तोंड आणखी फाकवत बसणारे लोक आहेत, तोंड फाटेपर्यंत फाकवतात आणि झिरप तिथेच.

कळवेकर
तोंड फाटतं ते बहुतेक वेळा टोक नीट कापलेलं नसतं म्हणून. करवतीची कूस राहिली की तिथूनच चीर सुरू होते. कानस फिरवून कड गुळगुळीत करायची, आणि ट्यूबचं टोक कडक असेल तर आधी तापवून हळूहळू थंड करून मऊ करायचं.

कोपरीकर
आणि बीडिंग? ते फाकवण्याचंच पुढचं पाऊल ना?

कळवेकर
पुढचं पाऊल, पण वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या बॉयलरमध्ये. धूरट्यूब बॉयलरमध्ये ट्यूबच्या आतून गरम वायू जातात. आगीच्या बाजूला बाहेर आलेल्या टोकाला पाणी लागत नाही, ते जळून जातं. म्हणून ते फाकवून, मग बीडिंग टूलने ठोकत मागे दुमडून प्लेटला चिकटवतात. उष्णता प्लेटमधून पलीकडच्या पाण्यात जाते. तांबट भांड्याचा काठ वळवतात तसंच. तेव्हा ‘काठ वळवणे’.

नौपाडेकर
तर लाटणे, फाकवणे, काठ वळवणे. आता लाटण्याच्या आधीची ओळ मसुद्यात अशी आहे: ‘नळी व छिद्र स्वच्छ करून वंगण लावावे.’ बरोबर आहे का?

रबाळेकर
ही ओळ गेली तर सगळा तक्ता वाया! वंगण ट्यूबच्या आत, रोलर आणि मँड्रेलवर. ट्यूबचं बाहेरचं अंग आणि भोक कोरडं, चकचकीत, तेलाचं बोटही न लागलेलं. तिथे तेल राहिलं की सांधा धरत नाही. भोकात लांबीच्या दिशेने ओरखडा असेल तर तो आधी काढायचा, कारण तो ओरखडा म्हणजे पाण्याला तयार पन्हळ. गोल फिरलेला ओरखडा एवढा त्रास देत नाही. आणि ‘नळी’ कशाला? नळी प्रयोगशाळेत. इथे ट्यूब.
काम झाल्यावर आतलं वंगण पुसून काढायचं, उरलेलं बॉइलआउटमध्ये, म्हणजे आत पाणी उकळून बॉयलर धुताना. पाण्यात तेल राहिलं तर फेस येतो.

तुर्भेकर
क्रमही लिहा. एका कडेपासून ओळीने लाटत सुटायचं नाही, प्लेट एका बाजूला ओढली जाते. आधी कडेच्या चारी बाजूंच्या काही ट्यूबा नुसत्या टेकवून जागा पक्की, मग आलटून पालटून. ड्रममध्ये उतरताना हातदिवा 24 व्होल्टपेक्षा जास्तीचा नको, तो सुरक्षेचा नियम आहे, वेगळा शब्द नको त्याला.

नौपाडेकर
लॉगबुकातल्या नोंदीचा नमुना असा केलाय: ‘ओळ 3, ट्यूब 7 : भोक 51.4, लाटून आतला व्यास 43.93, तोंड फाकवून 54.6.’

रबाळेकर
लाटण्याआधीचा आतला व्यास आणि ट्यूबचं बाहेरचं मापही टाका. ते नसतील तर पुढच्या वेळी टेकण्यात किती गेलं आणि लाटण्यात किती, हे या नोंदीवरून कुणालाच काढता येणार नाही.