तेल 'गळतं' की 'सांडतं'? आणि 'लायबल'ला काय लिहायचं?

धंतोलीची: समुद्रात तेल सोडणाऱ्या कंपन्यांकडून वसुली कशी करायची, यावरचा एक लेख मराठीत करून राहिली आहे. मी 'तेल सांडलं' लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'तेलगळती झाली' केलं, म्हणे सांडणं घरगुती वाटतं. आणि 'लायबल'ला जबाबदार, उत्तरदायी की दायित्व?

अजनीचा पोऱ्या: गळती नळाची होते बाप्पा! मेक्सिकोच्या आखातात २०१० ला बीपी कंपनीच्या तेलविहिरीत स्फोट होऊन ११ माणसं मेली, ८७ दिवस तेल उसळत होतं, त्याला काय गळती म्हणता? आमची आजी 'कोणी सांडलं?' असंच विचारायची. सांडलं म्हटलं की सांडणारा लागतोच.

कोर्टाची पायरी: लागतोच असं काही नाही, 'दूध सांडलं' म्हणताना कुठे कोणाचं नाव घेतो आपण? पण शब्दावर पैसे ठरतात हे खरं. त्याच मेक्सिकोच्या आखाताच्या खटल्यात २०१४ ला कोर्टानं बीपीच्या वागण्याला नुसता निष्काळजीपणा न म्हणता 'घोर निष्काळजीपणा' म्हटलं. साध्याला बॅरलमागे ११०० डॉलरपर्यंत दंड, घोरला ४३०० पर्यंत, आणि पुढे कोर्टानं समुद्रात गेलेलं तेल धरलं ३१.९ लाख बॅरल, करा गुणाकार. ताई, 'दायित्व'च लिहा. 'जबाबदार' लिहिलं की चूक कोणाची हा वाद घुसतो. आपल्याकडे दिल्लीच्या कारखान्यातून ओलियम हा विषारी वायू गळला, त्या खटल्याच्या निकालापासून (१९८६) धोकादायक उद्योगावर पूर्ण दायित्व येतं, चूक सिद्ध करावीच लागत नाही.

शुद्धमराठी: दोन्ही शब्द ढिसाळ आहेत. 'तैलस्खलन' हा नेमका संस्कृत पर्याय हाताशी असताना ही ओढाताण कशाला?

अजनीचा पोऱ्या: सर, हा शब्द मथळ्यात टाकला तर लेख लय वाचतील लोक, पण समुद्रासाठी नाही 😂

जलसंपदा निवृत्त: जरा थांबा. सांडणे म्हणजे जुन्या मराठीत टाकून देणे, सोडून देणे, ज्ञानेश्वरी उघडून पाहा. सांडपाणी त्यातलंच, आणि धरणाचा सांडवाही, ज्यावर माझी अर्धी नोकरी गेली. सांडव्यावरून पाणी जातं ते आधी हिशेब करून ठेवलेला असतो म्हणून, चुकून नाही. मेक्सिकोच्या त्या तेलविहिरीबद्दलही अमेरिकी अध्यक्षांच्या आयोगानं २०११ मध्ये लिहिलंय की वेळ आणि पैसा वाचवणारे निर्णय घेऊन धोका वाढवला गेला. मग सांडलंच की! सुरक्षा आधी सांडली, तेल मागून. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा आणि 'सांडलं' परत लिहा.

माहेर उरण सासर महाल: नागपुरात बसून गळती की सांडणं चाललंय, गंमत आहे. आमच्याकडे पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, पायाला चिकटले की साबणानं जात नाहीत, रॉकेलनं घासावं लागतं, मग टाच दिवसभर चुरचुरते. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ दोन जहाजं धडकली तेव्हा लोक मासळीला हात लावेनात. कोळणीला दायित्व सांगून काय उपयोग? तिला 'भरपाई' कळते, आणि ती कोण देणार एवढंच विचारते. २०११ ला बुडालेल्या रॅक कॅरियर जहाजाबद्दल हरित लवादानं १०० कोटी भरायचा आदेश दिला तो २०१६ मध्ये. पाच वर्षं तिनं काय विकायचं?

कोर्टाची पायरी: ते कोळशाचं जहाज होतं हो, सांडलं ते त्याचं इंधनतेल. तेल कंपनीचा प्रश्न वेगळा.

माहेर उरण सासर महाल: माशाला फरक कळतो का?

अजनीचा पोऱ्या: आणि पाण्यावर जो थर येतो त्याला पुस्तकात तवंग म्हणतात, आपण तर्री का नाही म्हणत?

शुद्धमराठी: तर्री! वर तरंगते म्हणून तर्री, निदान व्युत्पत्ती तरी देशी आहे.

जलसंपदा निवृत्त: कसली देशी, फारसीतला 'तर' आहे तो. तरबतर मधला.

धंतोलीची: अहो मला लेख उद्या द्यायचा आहे. 'सांडलं' ठेवू ना?

अजनीचा पोऱ्या: फारसी कशी काय? सावजीवाल्यांना विचारा, ते सांगतील.

माहेर उरण सासर महाल: सावजीचं सोडा, तुमच्या पोह्यावर ओततात तो चण्याचा रस्सा असतो, त्याला तर्री म्हणणंच मुळात चूक.

अजनीचा पोऱ्या: काऊन चूक??