चेहऱ्याची नक्कल शिकवली तर भाव ओळखता येतात का?

निमूट (धागाकर्ती)
आमचा एक छोटा सरावगट आहे. समोरच्याचा चेहरा वाचताना ज्यांचा गोंधळ उडतो, अशी मोठी माणसं त्यात येतात. माझ्या मनात एक सराव आहे: फोटो दाखवायचा, बघणाऱ्याने आरशासमोर तो चेहरा हुबेहूब करायचा, दहा सेकंद धरून ठेवायचा, मग भाव कोणता ते सांगायचं. यावरून आम्हा चालवणाऱ्या तिघांतच जुंपली आहे, म्हणून इथे टाकते.

माझं मत स्पष्ट आहे: नक्कल शिकवायलाच हवी. कल्पना जुनीच आहे. १७५७ मध्ये एडमंड बर्कने कॅम्पानेला या इटालियन विचारवंताबद्दल लिहिलंय की समोरच्याच्या मनातलं जाणायचं असलं की तो त्याचा चेहरा, त्याची ढब स्वतः धारण करून बघायचा. १९८२ मध्ये डिंबर्गने गालावर आणि कपाळावर इलेक्ट्रोड लावून दाखवलं की हसरा फोटो बघताना ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू हलतो, रागीट फोटो बघताना भुवया जवळ आणणारा. बघणाऱ्याला कुणी नक्कल कर म्हणून सांगितलेलं नव्हतं. आणि २०११ मध्ये नील आणि चार्ट्रँड यांना आढळलं की बोटॉक्स (सुरकुत्या घालवायला स्नायू लुळे करणारं इंजेक्शन) घेतलेल्या बायका डोळ्यांवरून भाव ओळखण्यात मागे पडतात. त्याच लेखातल्या दुसऱ्या प्रयोगात चेहऱ्यावर आवळणारं जेल लावलं, म्हणजे हालचाल जास्त जाणवेल असं केलं, तर ओळख सुधारली. मग शिकवायला हरकत काय?

शंकासुर
हरकत एवढीच की तुम्ही तीन दगड मांडून पूल झाला म्हणताय.

बोटॉक्सच्या त्या प्रयोगात सगळ्या मिळून तिसेक बायका होत्या. त्यावर अख्खा सराव उभारायचा? २०२१ मध्ये हॉलंड आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. कोण किती नक्कल करतो आणि कोण किती अचूक ओळखतो, यांत संबंध दिसला नाही. सहानुभूतीशी थोडाफार दिसला, तोही अशक्त.

आणि तुमच्या सरावातली खरी गोम वेगळीच आहे. नक्कल करायची तर माणूस फोटोकडे दहा सेकंद डोळे फाडून बघणार. एरवी तो तेवढा बघतो का? सुधारणा झालीच तर ती चेहऱ्याने केली की डोळ्यांनी, हे कसं ठरवणार?

निमूट
२०२२ चा अभ्यास सोडलात. १९ देश, ३,८७८ माणसं. १९८८ च्या प्रयोगात पेन दातात धरून तोंड हसल्यासारखं झालं की व्यंगचित्रं जास्त मजेशीर वाटली होती; त्यावर २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पाणी फिरवलं, त्यांना तसं काही आढळलं नाही, मान्य. पण या मोठ्या अभ्यासात हसऱ्या फोटोची नक्कल करणाऱ्यांना आणि सांगितल्याप्रमाणे स्नायू हलवणाऱ्यांना खरंच थोडं बरं वाटलं. पेनचं तेवढं अधांतरी राहिलं.

शंकासुर
बरं कुणाला वाटलं? *त्यांना स्वतःला.* तुम्हाला शिकवायचंय समोरच्याला काय वाटतंय ते. माझ्या चेहऱ्याने माझा मूड तसूभर हलला, याचा अर्थ तुमचा मूड मला कळला असा होत नाही. या दोन गोष्टींची खिचडी या विषयात सगळेच करतात, तुम्ही एकट्या नाही.

अर्धं_हसू
सहसा वाचनमात्र असतो, पण इथे राहवलं नाही. मला जन्मापासून मोबियस सिंड्रोम आहे. चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत नसाच पोचत नाहीत, म्हणून मी हसू शकत नाही आणि कपाळाला आठ्या घालू शकत नाही. निमूटताईंचं म्हणणं खरं असतं तर मला लोकांचे भाव कळायलाच नको होते. २०१० मध्ये बोगार्ट आणि मात्सुमोतो यांनी आमच्यासारख्या ३७ जणांची चाचणी घेतली. बाकीच्यांपेक्षा आम्ही मागे नव्हतो.

माझी अडचण नेमकी उलट आहे. मला लोक कळतात, लोकांना मी कळत नाही. मी आनंदात असताना "काय झालं, बरं नाही का?" असं विचारणारे रोज भेटतात.

रंगपट
अर्धं_हसू, तुमचा मुद्दा जबरदस्त आहे, पण एक फरक लक्षात घ्या. तुम्ही पाळण्यात असल्यापासून दुसऱ्या वाटेने शिकलात: आवाज, खांदे, प्रसंग. बोटॉक्सवालीची जुनी वाट अचानक बंद होते. म्हणजे नक्कल *अटळ* नाही एवढं तुमच्या उदाहरणावरून सिद्ध होतं. ती *निरुपयोगी* आहे असं नाही.

मी नाटकातला माणूस, तेव्हा आरशासमोर आयुष्य गेलं. भीती आणि आश्चर्य यांत नवखा नेहमी घोटाळा करतो. दोन्हीत भुवया वर जातात. पण करून बघा: आश्चर्यात जबडा सैल सुटतो, भीतीत भुवया वर जाता जाता एकमेकींकडेही ओढल्या जातात आणि ओठ आडवे ताणतात. फोटो बघून हे दहादा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही. स्वतःच्या कपाळावर तो पीळ एकदा जाणवला की दुसऱ्याच्या कपाळावरही दिसू लागतो. एकमन आणि फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचाली नोंदवायची जी पद्धत बसवली, ती शिकणाऱ्यालाही प्रत्येक हालचाल आधी स्वतःच्या चेहऱ्यावर करून बघायला लावतात. 'भाव अंगात येतो' वगैरे मी म्हणत नाही. तोंडपाठ करण्याऐवजी चेहरापाठ, इतकंच.

चौथा_बाक
रंगपट, तुम्ही हौसेने आरशासमोर उभे राहिलात. मला उभं केलं होतं.

मी ऑटिस्टिक आहे. लहानपणी आठवड्यातून दोनदा 'चेहरे करण्याचा' तास असायचा. आनंदी कर, दुःखी कर, चकित हो. मी पटकन शिकलो. बाई खूश झाल्या की तास लवकर सुटतो, म्हणून आनंदी चेहरा करायचा, हे मला पक्कं कळलं. समोरच्याचे भाव ओळखण्यात काडीचा फरक पडला नाही. आजही दिवसभर तो चेहरा वागवून संध्याकाळी जबडा दुखतो.

मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच दाखवलंय: ऑटिस्टिक माणसं आपणहून नक्कल कमी करतात, पण 'कर' म्हटलं की इतरांसारखीच करतात. म्हणजे स्नायू ठीक आहेत. मग व्यायाम कशाचा देताय? आणि डेमियन मिल्टन हा स्वतः ऑटिस्टिक असलेला संशोधक २०१२ पासून सांगतोय की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. तुम्हाला आमचे चेहरे वाचायचा तास कधी लावला का कुणी?

निमूट
चौथा_बाक, शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. गटात सगळे स्वतःहून येतात, एवढंच सांगू शकते. पण "चेहरा करून दाखव, मग शाबासकी" आणि "करून बघ, तुला काय जाणवतं ते सांग" यांत फरक आहे असं मला अजूनही वाटतं. पहिल्यात परीक्षक बाहेर असतो.

शंकासुर
जाणवलेलं फसवंही असतं. २००९ मध्ये स्टेल आणि सहकाऱ्यांनी काहींना बोलणाऱ्याची नक्कल करायला सांगितलं, काहींना मुद्दाम टाळायला. खोटं बोलणारा ओळखण्यात नक्कल टाळणारे सरस ठरले. नक्कल करणारा समोरच्याच्या दाखवलेल्या भावासोबत वाहवत जातो. तुमच्या गटातली माणसं आधीच भोळी असतील तर हा सराव त्यांना महागात पडेल.

शिवाय फोटोतला राग हा 'राग दाखव' म्हणून काढलेला राग. लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतरांच्या २०१९ च्या आढाव्यात सरळ लिहिलंय की रागावलेली माणसं बहुतेक वेळा तसा चेहरा करतच नाहीत. म्हणजे तुम्ही शिकवणार नाटकातला राग. (रंगपट, रागावू नका.)

रंगपट
रागावलोय. चेहऱ्यावरून कळलं का? :)

निमूट
ठीक. नक्कल शिकवायचीच, हा हट्ट मी सोडत नाही. पण दोन तुकड्या करते. फोटो तेच, दहा सेकंद तेवढेच. एक तुकडी आरशासमोर नक्कल करेल. दुसरी नुसतं मोठ्याने वर्णन करेल: भुवया कुठे, पापण्या किती उघड्या, ओठ कसे. चाचणी नव्या चेहऱ्यांवर, एकदा आठवड्याने आणि एकदा महिन्याने. पोज दिलेल्या फोटोंबरोबर खऱ्या संभाषणाचे व्हिडिओही ठेवते.

शंकासुर
आता कसं! तिसरी तुकडीही करा: फोटो बघून पेन्सिलने चेहरा काढणारी. त्यांचंही निरखणं होतं, हातही हलतो, फक्त चेहरा हलत नाही. ते नक्कलवाल्यांइतकेच सुधारले तर आरसे परत करा.

निमूट
आणि नाही सुधारले तर तुम्ही या धाग्यावर येऊन तसं कबूल करायचं.

शंकासुर
मंजूर. पण तुकडीत निदान वीस-वीस जण तरी हवेत, पाचांत मी काहीही कबूल करणार नाही.

चौथा_बाक
नक्कलवाल्या तुकडीतल्या कुणाला मधेच नको झालं तर 'नको' म्हणायची सोय ठेवा. पहिल्याच दिवशी, आणि सगळ्यांसमोर सांगा.

निमूट
ठेवते.

अर्धं_हसू
मी पेन्सिलवाल्यांत नाव देतो. एक विचारू? तुमच्या त्या फोटोंच्या गठ्ठ्यात माझ्यासारखा एक तरी चेहरा आहे का?

निमूट
आत्ता सगळे काढून बघितले. नाही.