सागाच्या वलयांवर पीएचडी : रोजच्या कामाची घडी कशी बसवू?

वलयवेडी:
सागाच्या खोडातल्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास करतेय, तिसरं वर्ष. नमुना पॉलिश पेपरने घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका वलयाची जाडी मोजायची, १८७७, १८९९ अशा दुष्काळी सालांची अरुंद वलयं बाकीच्या झाडांशी जुळवायची. दोन तासांत डोळे शिणतात, मग खोटं वलयही (एकाच वर्षात पडलेलं जादा वलय) खरं वाटू लागतं. लिखाणाला तर हातच लागत नाही. तुम्ही दिवस कसा आखता?

पाणकळा:
मोजणी सकाळीच, आणि एका बैठकीत दीड तासाच्या वर नको. उठण्याआधी वहीत लिहा: कुठला नमुना, कितव्या वलयापर्यंत आलात, शंका कुठे आली. मी हे न लिहिता उठायचो. एकदा एक वलय दोनदा मोजलं गेलं, पुढची सगळी सालं एकाने सरकली आणि ते निस्तरण्यात महिना गेला. आता शंका आली की तिथे पेन्सिलीने टिंब देतो.

गारवा:
वहीला अनुमोदन. मला मात्र अशा वेळी हिमयुगांचं गणित मांडणारा सर्बियन शास्त्रज्ञ मिलांकोविच आठवतो. १९१४ मध्ये नुकतंच लग्न झालेलं, महायुद्ध पेटलं आणि सर्ब म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीने त्याला कैद केलं. कोठडीत पहिल्याच रात्री त्याने सामानातले कागद काढले आणि गणित पुढे चालू केलं. नंतर बुडापेस्टमध्ये नजरकैदेत असताना तिथल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात बसून काम केलं. पुढे हवामानशास्त्रज्ञ कोपेनने विचारलं, तेव्हा गेल्या साडेसहा लाख वर्षांत उत्तरेकडच्या अक्षांशांवर उन्हाळ्यातलं ऊन किती बदललं याचा आलेख काढला. शंभर दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, सगळी आकडेमोड हाताने! समुद्रतळाच्या गाळात त्याच्या गणितातली, पृथ्वीच्या अक्षाचा कल बदलण्याची ४१,००० वर्षांची लय पक्की सापडली ती १९७६ मध्ये. तो १९५८ मध्येच गेला होता.

तेवढे तास तुम्ही बसू नका. पण त्याच्यासमोर प्रश्न एकच होता, हे घेण्यासारखं आहे. 'पावसाचा इतिहास' लिहायला बसलात तर पान कोरंच राहील. 'या झाडाला १८९९ दिसलं का?' एवढंच विचारा आणि मोजणी झाली की त्याच दिवशी त्यावर चार ओळी लिहा. प्रकरण त्यातूनच उभं राहतं, माझं तसंच झालं.

वलयवेडी:
दोघांचेही मनापासून आभार. आज दीड तासाचा गजर लावला. १९१८ दोन झाडांत जुळलं. तिसऱ्यात खात्री वाटेना, टिंब देऊन उठले. चार ओळीही झाल्या.