कोल्हापूर शहराचा जन्मदर फुगलेला, चंदगडचा गळालेला: तालुक्याचा टीएफआर काढायचा कसा?

पंचगंगाकाठ

पहिलीचे पट घसरतायत म्हणून जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांचा जन्मदर मांडायचं काम हाती घेतलंय. बैठकीत कुणीतरी हमखास दक्षिण कोरियाचा ०.७२ (एका बाईमागे सरासरी मुलं) पुढे करतं, म्हणून आपलाही आकडा नीट हवा. जन्मनोंदणीतले एका वर्षाचे जन्म घेतले आणि २०११ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येने भागले. शहराचा दर राज्याच्या कितीतरी वर गेला आणि चंदगड, गगनबावडा विश्वास बसणार नाही इतके खाली. गणित तपासलं, बरोबर आहे. मग चुकतंय कुठं? आणि थेट एकूण प्रजनन दर (टीएफआर, म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी होणारी मुलं) काढायला नेमकं काय काय लागतं?

आकडेमोड

भागाकारातला वरचा आकडाही (जन्म) चुकलाय आणि खालचाही (लोकसंख्या). आधी वरचा बघू.

आपल्याकडे जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो, आई जिथे राहते तिथे नाही. १९६९ च्या कायद्यापासून हीच पद्धत आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि शहरातल्या खाजगी दवाखान्यांत पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्यापासून बायका येतात. ते सगळे जन्म तुम्ही शहराच्या नावावर धरलेत. चंदगडची बाळंतीण बेळगावला जाते, शिरोळची मिरजेला. हे जन्म तर जिल्ह्याच्या बेरजेतही येत नाहीत. उलट गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबातलं मूल इथे जन्मलं की इथे नोंदलं जातं. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. कागलची सून आजऱ्याला बाळंत झाली, तर आकडा आजऱ्याचा वाढतो.

उपाय त्याच फॉर्मात आहे. जन्माच्या नमुना १ मध्ये कायदेशीर भागाखेरीज सांख्यिकी भाग असतो. त्यात आईचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण, लग्नाच्या वेळचं वय, प्रसूतीच्या वेळचं वय आणि आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं असे रकाने आहेत. व्यक्तींची नावं न मागता फक्त राहण्याचा तालुका आणि आईचा वयोगट यांचा गोषवारा मागा. सांगली आणि बेळगावकडूनही तोच मागावा लागेल, नाहीतर सीमेवरचे तालुके कायम गळलेले दिसतील.

एक सावधगिरी. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण उशिराच्या नोंदी येत राहतात. म्हणून वर्ष धरताना जन्मतारखेचं धरा, नोंदणीच्या तारखेचं नको. आणि नुकतंच संपलेलं वर्ष लगेच घेऊ नका, ते हमखास कमी दिसतं.

आता टीएफआर. त्यासाठी १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया पाच-पाच वर्षांच्या सात गटांत लागतात. प्रत्येक गटातले वर्षाचे जन्म भागिले त्या गटातल्या स्त्रिया, सातही दरांची बेरीज, आणि तिला ५ ने गुणायचं, कारण प्रत्येक बाई त्या गटात पाच वर्षं असते. निव्वळ उदाहरणादाखल ३०,००० वस्तीचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या, जन्म तीन वर्षांचे मिळून, म्हणून दर काढताना ३ नेही भागलंय:

१५–१९: स्त्रिया १,२००, जन्म ५४, दर ०.०१५
२०–२४: १,२५०, ५२५, ०.१४०
२५–२९: १,२५०, ३७५, ०.१००
३०–३४: १,२००, १२६, ०.०३५
३५–३९: १,१५०, ३५, ०.०१०
४०–४४: १,०५०, ६, ०.००२
४५–४९: १,०००, ०, ०

बेरीज ०.३०२, गुणिले ५, टीएफआर १.५१. याच केंद्राचा जन्मदर मात्र हजारी साडेबाराच्या आसपास येतो. म्हणून जन्मदर आणि टीएफआर एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. गावात म्हातारी माणसं जास्त असली की प्रत्येक बाईला तितकीच मुलं होऊनही जन्मदर पडतो. मुंबई-पुण्याला तरुण गेलेल्या आजरा-चंदगडात हेच होतं.

तीन वर्षं एकत्र का घेतली? वर्षाला ४० जन्म असलेल्या गावात काहीही बदललेलं नसताना आकडा २८ ते ५२ मध्ये कुठेही पडू शकतो. एका वर्षाच्या आकड्यावर शाळा बंद करायची चर्चा करणं अन्यायाचं आहे.

शिवारवाट

खालच्या आकड्याबद्दल मी सांगतो. २०११ च्या जनगणनेत १०–१४ वयाच्या मुली होत्या, त्या २०२५ मध्ये २४–२८ च्या झाल्या, असं वय पुढे सरकवून गट बनवायचा मोह होतो. खेड्यात ते चालत नाही. मुली सासरी जातात, सुना येतात आणि वस्तीतल्या बायकाच बदलतात. नवी जनगणना २०२७ च्या फेब्रुवारीत आहे, तोवर आशाताईंच्या घरोघरच्या सर्वेक्षणातली वयवार संख्या घेणं बरं. नुसती पात्र जोडप्यांची नोंदवही घेतली तर खालचा आकडा लहान होतो, कारण तिच्यात विवाहितच असतात. टीएफआरला अविवाहित मुलीही मोजाव्या लागतात, नाहीतर तुमचा दर खऱ्यापेक्षा बराच वर जाईल. दुसरी अडचण दुबार नोंदीची. माहेरी आलेली गरोदर बाई इथेही लिहिली जाते आणि सासरीही. माता-बाल आरोग्य नोंदणीच्या (आरसीएच) क्रमांकावरून जुळवणी करा.

वयवार जन्म मिळालेच नाहीत तर ढोबळ मार्ग आहे: ०–४ वयाची मुलं भागिले १५–४९ च्या स्त्रिया, गुणिले ७. पस्तीस वर्षांच्या जननकाळात पाच वर्षांचे जन्म सात वेळा बसतात, म्हणून ७. दगावलेली बालकं यात सुटतात आणि २०–३४ च्या बायका प्रमाणाबाहेर जास्त असल्या तर आकडा फुगतो. अंदाजापुरतं ठीक आहे, अहवालात घालू नका.

उंबरठा

कोरियाची तुलना करणाऱ्यांसाठी. तिथे २०२३ ला ०.७२ होता, २०२४ ला ०.७५ झाला. महाराष्ट्र नमुना नोंदणीत (एसआरएस) २०२३ ला १.४ आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १.७. हे दोन आकडे जोडून घसरणीचा आलेख काढू नका, पद्धतीच वेगळ्या आहेत: सर्वेक्षणातला आकडा आधीच्या तीन वर्षांची सरासरी असतो. जिल्ह्याचा टीएफआर दोन्हींतही छापत नाहीत.

शिवाय खाली जाण्याची वाटच वेगळी आहे. कोरियात लग्न उशिरा होतं किंवा होतच नाही आणि लग्नाबाहेर मूल क्वचित. पहिल्या मुलाच्या वेळी आईचं सरासरी वय ३३. आपल्याकडे लग्न लवकर, दोन मुलं लवकर, मग ऑपरेशन. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे आणि २०–२४ च्या पाचातल्या एकीहून जास्त मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. तिकडचा उपाय इकडे लावायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

एखाद्या वर्षाच्या उडीवरही भुलू नका. जपानात १९६६ हे ‘अग्नि-अश्व’ वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी अशुभ या समजुतीने टीएफआर २.१४ वरून १.५८ वर आला आणि लगेच सावरला. रोमानियात त्याच वर्षी गर्भपातावर बंदी आली, दर १.९ वरून १९६७ ला ३.७ वर गेला आणि पुढे पुन्हा उतरत राहिला. आपल्याकडे सिंहस्थात लग्नं टाळणारी घरं आहेत, त्याचा ठसा पुढच्या एक-दोन वर्षांच्या पहिलटकरणींच्या आकड्यात शोधायला हरकत नाही.

लग्नाचं वय वाढत असतानाही टीएफआर तात्पुरता खाली दिसतो, कारण मुलं पुढे ढकललेली असतात. आईचं प्रसूतीचं सरासरी वय वर्षाला ०.१ ने वाढत असेल तर टीएफआरला ०.९ ने (१ वजा ०.१) भागून बघतात: १.५१ चे सुमारे १.६८. हे प्रत्येक क्रमाच्या मुलासाठी वेगळं करायचं असतं. म्हणून जन्मक्रमाचा रकानाही मागून घ्या.

पंचगंगाकाठ

खूप उपयोग झाला. एक राहिलं. टीएफआर २.१ च्या (पुढची पिढी आधीच्या पिढीइतकीच राहायला लागणारी पातळी) खाली म्हणजे लोकसंख्या घटायला लागली, असं अहवालात लिहू का?

आकडेमोड

नको. देशाचा टीएफआर २०२३ ला १.९ होता आणि लोकसंख्या अजून वाढतेच आहे, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आत्ता जननवयात आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजात भारताचा कळस २०६० च्या दशकात येतो.

आणि कोल्हापूरला २.१ जसाच्या तसा लावता येत नाही. तो १०० मुलींमागे १०५ मुलगे धरून निघतो. एका मुलीमागे एकूण २.०५ जन्म, त्यात जननवयापर्यंत न पोचणाऱ्या मुलींची भर. आपल्या जिल्ह्यात २०११ ला ०–६ वयात हजार मुलांमागे ८६३ मुली होत्या, २००१ ला ८३९. ८६३ धरलं तर एका मुलीमागे २.१६ जन्म. समजा ९६ टक्के मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगतात, तर पातळी २.२५ च्या आसपास जाते. मुलींची गर्भातच झालेली कत्तल या आकड्यात उतरलेली आहे, म्हणून ही ओळ अहवालातून गाळू नका. नमुना १ मध्ये बाळाचं लिंग असतंच, तेव्हा २०११ वर न थांबता आत्ताचं जन्मवेळचं प्रमाण काढा. तेही तीन वर्षांचं, आणि दुसऱ्या मुलाच्या जन्मांसाठी वेगळं, पहिली मुलगी असलेल्या घरांत फरक तिथेच दिसतो.

शाळेच्या पटासाठी मात्र टीएफआर नकोच. २०२५ च्या जूनला पहिलीत आलेली मुलं साधारण २०१९ च्या आसपासची आहेत. त्या वर्षाचे राहत्या गावानुसारचे जन्म घ्या, गाव सोडून गेलेली आणि इंग्रजी माध्यमाला गेलेली मुलं वजा करा आणि उरलेला आकडा पटाशी ताडून बघा. ही वजाबाकी गावागणिक वेगळी येईल, तालुक्याची सरासरी लावू नका.