जुन्या पाटीवरचा ‘फॉन्ट’ शोधत बसणं बंद करा (चर्चा)

शिरोरेषा:
एका क्लायंटने आजोबांच्या दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला, ‘किराणा व भुसार’, पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवलेली, म्हणाला हाच फॉन्ट लोगोला पाहिजे. दोन तास शोधला. मग फोटो मोठा करून दोन्ही र शेजारी ठेवले. ‘किराणा’तल्या र चा पाय पुढच्या कान्याला जागा द्यायला आखडता घेतलाय, ‘भुसार’मधला शेवटचा र मात्र पाटीच्या कडेपर्यंत मोकळा सोडलाय. हा फॉन्ट नाहीच, पेंटरचा हात आहे! कोका-कोलाचं नावसुद्धा फ्रँक रॉबिन्सन नावाच्या हिशेबनीसाने १८८६ मध्ये त्या काळच्या वळणदार अक्षरात हाताने लिहिलेलं. आणि आपल्याकडे कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींना काढलेली अक्षरं बघा, प्रत्येक नाटकाचं वळण वेगळं, तिथे कुठला फॉन्ट शोधणार? माझं मत स्पष्ट आहे, क्लायंटला खरं सांगा आणि अक्षरं काढून घ्या.

डीटीपीवाला:
अजिबात पटलं नाही. पाटीवर अक्षरं किती, सात-आठ. त्याला बिलबुक, पिशव्या, पत्ता, जीएसटी नंबर सगळं छापायचंय, त्यातला ‘ज्ञ’ आणि ‘ष्ट’ कुठून आणणार? मी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर आयुष्य काढलंय, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना जवळचा फॉन्ट ओळखता येणं हीच कामाची गोष्ट. शिवाय नवीन फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं देता येतात, त्यामुळे दोन र वेगळे दिसले म्हणजे हाताचंच, असं होत नाही.

शिरोरेषा:
नवीन फॉन्टबद्दल मान्य. पण ही पाटी रंगवली तेव्हा दुकानात कॉम्प्युटर नव्हता हो.

खिळेजुळारी:
दोघंही फक्त पाट्यांचं बोलताय. जुनी लग्नपत्रिका किंवा पंचांग असेल तर तिथे खराखुरा टाइप असतो, शिशाचे खिळे, आणि तो ओळखता येतो. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्या टाइपाचं वळण पुढे किती जणांनी गिरवलं! भिंग घेऊन अक्षरांवरची आडवी शिरोरेषा बघा, दोन खिळ्यांच्या मध्ये केसाएवढी फट दिसते, कारण प्रत्येक खिळा आपापला रेषेचा तुकडा घेऊन येतो. फक्त शाई पसरून अक्षर जाड होतं, म्हणून जाडीवरून ओळखायला जाऊ नका, ‘अ’ आणि ‘झ’ ची ठेवण बघा, मुंबई वळण आणि कलकत्ता वळण, नागरी टाइपाच्या या दोन जुन्या ठेवणी, तिथेच वेगळ्या पडतात.

पाकळी_ल:
आणि ल, श विसरू नका! पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं, राज्य सरकारच्या २००९ च्या जीआरमध्येही तीच दिलीत. दांडीचा (उजवीकडे उभी दांडी असलेला) ल दिसला की फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलाय का ते आधी तपासायचं. फोटो टाकून फॉन्ट ओळखणाऱ्या साइटवर मी मराठी शीर्षक टाकलं तर मला चक्क रोमन फॉन्ट सुचवले, तेव्हा भरवसा डोळ्यावरच.
पण शिरोरेषा, तुमचं ‘फॉन्ट नको, हात पाहिजे’ मला खटकतं. फॉन्टमागेही हातच असतो ना. ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशींनी केलाय, ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेतल्या लोकांनी. नाव शोधलं तर त्या माणसाला श्रेय देता येतं.

शिरोरेषा:
हे पटलं, श्रेयाचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. पण मग पेंटरचं श्रेय? त्याच्या अक्षराला ‘अमुक फॉन्टसारखं’ म्हटलं की तो माणूस पुसला जातो. मी असं केलंय, नाव पाटीवरून ट्रेस केलं, र चा तो लांब पाय तसाच ठेवला, आणि पत्ता-फोन मुक्तामध्ये लावला.

डीटीपीवाला:
म्हणजे शेवटी फॉन्ट लागलाच. पण उद्या त्याने ‘ड्रायफ्रूट’ वाढवायला सांगितलं तर ड्रा कोण काढणार?

शिरोरेषा:
मीच काढणार. पाटीचा अजून एक फोटो मागवलाय, समोरून, सरळ, उजेडात. पेंटरने ब्रश कुठे उचलला ते त्यात दिसेल.