बेसिन आणि खालचं कपाट: 12 हजारांत टिकाऊ काय होईल?

गौरी_डोंबिवली

नमस्कार. आमची इमारत 1991 ची, डोंबिवली पूर्वेला. संडास आणि न्हाणीघर वेगवेगळं होतं, मधली चार इंची भिंत काढून एकत्र केलं. आता आतली जागा 4 फूट बाय 7 फूट आहे. वॉटरप्रूफिंग झालंय, पाणी साठवून खालच्यांकडे गळत नाही हे बघून झालंय. टाइल्स पुढच्या आठवड्यात.

बेसिन आधी पॅसेजमध्ये होतं, ते आत घ्यायचंय. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. तोंड धुताना त्या डावा हात बेसिनच्या कडेवर टेकतात आणि सगळा भार त्यावर देतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, टेबल टॉप (ओट्यावर ठेवायचं) बेसिन आणि खाली लॅमिनेट लावलेलं प्लायवूडचं कपाट करू, 18,500 होतील. ऑनलाइन 24 इंची पीव्हीसीचं कपाट बेसिनसकट सात-आठ हजारांत दिसतंय. माझं बजेट नळ आणि मजुरी धरून 12 हजार आहे.

आमच्याकडे आंघोळ बादलीनेच होते, त्यामुळे पाणी सगळीकडे उडतं. उन्हाळ्यात सोसायटी बोअरचं पाणी मिसळते, नळांवर पांढरा थर बसतो. कपाटात फिनाइल, ब्रश आणि साबणाचे पुडे राहिले तरी पुरे. जाणकारांनी सांगा, नेमकं काय घेऊ?

पेठकर

कपाटाच्या फंदात पडूच नका. भिंतीवरचं साधं सिरॅमिक बेसिन घ्या, खाली अर्धा पेडेस्टल म्हणजे पाइप झाकला जाईल. वर आरशाचं कपाट लावा. खालचं सामान दाराच्या वर लॉफ्टवर. पाच-सहा हजारांत काम होईल आणि जमीन मोकळी राहील, झाडायला सोपी.

कोकणकडा

आमच्या रत्नागिरीच्या घरात पीव्हीसीचं तयार कपाट आहे. बोर्डाला काही झालेलं नाही, फुगला नाही, वाळवी नाही. बिजागऱ्या मात्र गंजून गेल्या आणि एक दार लोंबायला लागलं. तेच स्क्रू परत त्याच भोकात घट्ट बसत नाहीत, पीव्हीसीत पकड राहत नाही. घेतलंत तर बिजागऱ्या 304 म्हणजे सहसा न गंजणाऱ्या स्टीलच्या आहेत का, ते आधी विचारा.

विटा_वाळू_सिमेंट

गौरीताई, मी पुण्यात जुन्या फ्लॅटची दुरुस्तीची कामं घेते, बहुतेक कोथरूड आणि पेठांमधली. तुमच्या घरासाठी मी काय केलं असतं ते सांगते.

सगळ्यात आधी सासूबाईंचा हात. नुसत्या बोल्टवर भिंतीला टांगलेलं बेसिन रोज असा भार घेण्यासाठी नसतं. आधी बेसिन आणि टाइलमधली फट उघडते, मग तिथून पाणी मागे जायला लागतं. पेठकरांचा सल्ला एरवी चांगला आहे, पण अर्धा पेडेस्टल फक्त पाइप झाकतो, वजन घेत नाही. ऑनलाइन मिळणारी बरीचशी कपाटंही भिंतीलाच टांगायची असतात, तिथेही तोच प्रश्न.

प्लायला माझा ठाम नकार आहे. कपाट कायम कोरडं राहणार असेल तर आयएस 710 (भारतीय मानक) चा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय चालतो. बादलीच्या आंघोळीत पाणी खालच्या कडेला रोज लागणार. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस 303 चाही म्हणजे साध्या वापराचा प्लाय खपवतात, म्हणून प्लायवरचा शिक्का स्वतः वाचा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) तर दारातच येऊ देऊ नका.

आता उपाय. आपल्याकडे ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे तुकडे लावून कप्पे करतात ना, तेच इथे करा. कोपऱ्यात 30 इंच रुंद, 18 इंच खोल. एका बाजूला भिंत आहेच. दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कुठे आधार लागेल तिथे कडप्पा उभा करायचा, आणि वर काळ्या ग्रॅनाइटचा 18 मिलीमीटरचा तुकडा. ग्रॅनाइटवाल्याकडे ओट्यांचे उरलेले कटपीस पडलेले असतात, एवढ्याशा मापाला तेच मागा, निम्म्याच्या आसपास भावात मिळतात. दगड कुजत नाही, फुगत नाही, आणि सासूबाईंचा भार थेट जमिनीवर उतरतो. पुढे फक्त 18 मिलीमीटर पीव्हीसीची दोन दारं, जमिनीपासून सहा इंच वर. कोकणकडांनी बिजागऱ्यांचं सांगितलंय ते अगदी खरं आहे.

बेसिन अंडर काउंटर घ्या, छोटं, 16 बाय 12 इंचांच्या आसपासचं. त्याची कड दगडाखाली असल्याने ग्रॅनाइटवर सांडलेलं पाणी हाताने सरळ आत लोटता येतं. टेबल टॉपच्या बुडाभोवती क्षाराची कड साचते आणि बोअरच्या पाण्याने ती लवकर दिसायला लागते. काचेचं बेसिन तर अशा पाण्याला नकोच, प्रत्येक थेंब डाग ठेवून जातो. बेसिनला खालून दोन स्टीलचे अँगल द्यायला लावा. नुसत्या चिकटवण्यावर सोडू नका.

पैसे वाचवायचे ते दारांच्या फिनिशवर वाचवा. नळ, वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारी जाळी) आणि बॉटल ट्रॅप (त्याखालची बाटलीसारखी वाटी) मात्र चांगले. ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी जायला कडेजवळ ठेवलेलं भोक असलेल्या बेसिनला खाचा असलेली वेस्ट कपलिंग लागते, नाहीतर त्या भोकात शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून उघडते. अंगठी पडली तर तिथेच सापडते, केस अडकले तर प्लंबरला बोलवावं लागत नाही. नळाच्या तोंडाची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवली की क्षार सुटतो.

आमच्याकडचे भाव साधारण असे: बेसिन 2,200, पिलर कॉक (बेसिनचा नळ) 1,300, कपलिंग आणि ट्रॅप 900, अँगल कॉक (खालची पाणी बंद करायची तोटी) आणि कनेक्शन पाइप 600, दगड आणि गवंडी 3,500, दारं बिजागऱ्यांसकट 2,200. म्हणजे 10,700. उरलेल्यात सासूबाईंसाठी स्टीलचा एक धरायचा बार घ्या आणि तो वेगळा, भिंतीत पक्का बसवा. बार मिळाला तरी त्या काउंटरला टेकतीलच, म्हणून दगड हवा.

गौरी_डोंबिवली

विटा_वाळू ताई, खूप आभार. कडप्प्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं तेच आहे! गवंड्याशी बोलले. तो म्हणतोय कडप्पा भिंतीत खाचून बसवू. मागची भिंत बाहेरची आहे, नऊ इंची विटांची. पण वॉटरप्रूफिंग झालेलं आहे, खाच मारली तर ते फुटणार ना? आणि काउंटरची उंची किती ठेवू? सासूबाई पाच फुटांच्याही आत आहेत.

विटा_वाळू_सिमेंट

प्रश्न योग्य विचारलात. नऊ इंची वीट असेल तर एक इंच खाचेला हरकत नाही. पण खाच टाइल्सच्या आधी मारायची, ग्राइंडरने दोन रेघा कापून मधलं छिन्नीने हळू काढायचं. हातोड्याचे दणके नकोत. कडप्पा बसवण्याआधी खाचेत तोच वॉटरप्रूफिंगचा कोट ब्रशने दोनदा मारून वाळू द्यायचा. हे तुम्ही समोर उभं राहून करून घ्या, कारण टाइल लागल्यावर काही दिसत नाही. जमिनीला मात्र खाच अजिबात नाही. कडप्पा जमिनीच्या टाइलवरच उभा राहील आणि उतारामुळे खाली तिरका कापून घ्यावा लागेल.

उंची 31 इंच ठेवा. सर्वसाधारण 32 ते 34 असते, पण तो काउंटर त्यांच्या हाताला यायला हवा. त्यांना भिंतीपाशी उभं करा, कोपरातून हात वाकवून जिथे सहज टेकतो तिथे पेन्सिलची खूण करा आणि 31 शी ताडून बघा. दोन इंच इकडेतिकडे झालं तर त्यांच्या मापाने जा.

आणि एक, गरम पाण्याचा पॉइंट आत्ताच काढून त्याला डमी (बंद करायचं बूच) लावून ठेवा. आज मिक्सर नाही परवडला तरी पुढे टाइल फोडावी लागणार नाही. बेसिनचा पाइप नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचा ट्रॅप) जोडणार असाल तर तो जाळीच्या खाली न्यायला सांगा, जाळीवर मोकळा सोडला तर कपाटासमोरची जमीन कायम ओली राहील.

गौरी_डोंबिवली

सासूबाईंना उभं करून बघितलं, खूण 30 वर आली. तेवढीच ठेवतेय. रविवारी ग्रॅनाइटवाल्याकडे कटपीस बघायला जाते. जाताना बेसिनचं माप घेऊन जाऊ की बेसिनच?

विटा_वाळू_सिमेंट

बेसिनच घेऊन जा. सिरॅमिक भट्टीतून निघताना थोडंफार आकसतं, एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो. खोक्यात कागदी साचा असतो, पण कापायच्या आधी तो प्रत्यक्ष बेसिनवर ठेवून बघायला सांगा. भोकाची आतली कड पॉलिश करून घ्या, त्याचे पैसे वेगळे मागतील, ते द्या.